पडदा काळा का पडतो?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो मजुरी, महागाई, नाही तर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती चुकीची नाही. आज मात्र आम्ही कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही कळते ते छापील कागद वाचून, चुका करून आणि आमच्याहून लहान मुलांना विचारून मिळवलेले आहे. तेव्हा ज्यांना हा विषय आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे त्यांनी सांभाळून घ्यावे. ज्यांना मुळीच ठाऊक नाही त्यांच्यासाठीच हा खटाटोप आहे. व्याख्यानाच्या दिवशी आम्ही यंत्राला द्यायच्या आज्ञा फळ्यावर रोमन लिपीत लिहून दाखवल्या होत्या. छापताना त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

आम्ही जव्हार तालुक्यातल्या दाभोशाहून आलो. शहरातल्या मंडळींना हे नाव लेंडी नदीवरच्या धबधब्यामुळे ठाऊक असते. पावसाळ्यात मोटारी येतात, फोटो निघतात, मोटारी जातात. आमचे काम त्यानंतर सुरू होते. नागली आणि वरई खळ्यावरून घरात आली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली घरेच्या घरे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. तेथे आठवड्याला खर्ची मिळते. विटा पाडल्याचा दर हजारी असतो. पाऊस पडायच्या आत हिशेब होतो आणि उचल, खर्ची वजा जाता मजुराच्या हाती काय उरते ते तेव्हा कळते. कित्येकदा उलट मालकाचेच येणे निघते आणि पुढच्या वर्षाची मान आदल्या वर्षीच अडकते. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ सालचा आहे. पण कायद्यापुढे उभे राहायचे तर हातात कागद लागतो. मालकाची वही एकच आणि ती त्याच्याच पेटीत. म्हणून दर कुटुंबाची उचल किती, कोणत्या आठवड्याला खर्ची किती, विटा किती हजार, याचे दुसरे टिपण आम्ही ठेवतो. मजूर फोनवर सांगतो, आमच्या कचेरीतला मुलगा लिहून घेतो.

हे टिपण एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. मुंबईतल्या एका हितचिंतकाने आपल्या कचेरीतून बाद झालेला तो आम्हांला दिला. त्यावर विंडोज सात होती. तिची देखभाल तिच्या धन्याने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. तिच्यामागून आलेल्या विंडोज दहाचीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नवे यंत्र घ्यायचे तर वर्गणीतून, आणि वीटभट्टीवरच्या माणसाच्या वर्गणीतून काय येते ते सांगायला नको. तेव्हा लिनक्स घालायचे ठरले. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या तरुणाने १९९१ साली सुरू केलेले आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी मिळून वाढवलेले हे काम आहे. ते विनामूल्य मिळते, आणि त्याची आतली सगळी लिखापढी कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते. केरळातल्या सरकारी शाळांनी ते स्वीकारले. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाने त्याची भारतीय आवृत्ती काढली. आम्ही काही नवा पंथ काढला नव्हता.

चैत्राचे दिवस होते. हिशेबाला महिना-दीड महिना उरला होता. रात्री लिनक्स घातले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. पांढरी अक्षरे भराभर वर सरकली, आणि पडदा काळा. पाच मिनिटे झाली, दहा झाली, काळा तो काळाच.

"भाऊ, मशीन मेलं," मुलगा म्हणाला.

त्या पेटीत तीन हंगामांच्या याद्या होत्या. एक प्रत पेनड्राइव्हवर होती, ती आदल्या दिवाळीची. म्हणजे चालू हंगाम तिच्यात नव्हता. ही चूक आमची होती.

अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारावा, की मेले ते यंत्र की नुसता पडदा? त्याची परीक्षा सोपी आहे. कीबोर्डावरचा कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतला कारभार चालू आहे, फक्त तुम्हांला दिसत नाही. आमचा दिवा लागला. तो इवलासा हिरवा दिवा पाहून जो धीर आला तो सांगता येत नाही.

मग दुसरी पायरी. यंत्र पुन्हा चालू करताना शिफ्टची कळ, काही यंत्रांवर एस्केपची कळ, दाबून धरली की ग्रब नावाची निवडयादी येते. तेथे 'ई' हे अक्षर दाबले की लिनक्स सुरू करणारा मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडायचा: नोमोडसेट. मग कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबायचे. या शब्दाचा अर्थ, 'पडद्याच्या बाबतीत तुझी हुशारी चालवू नकोस, आहे तसे चालू दे.' आमचा पडदा उजळला. अक्षरे मोठी आणि फताडी होती, बाजू ताणलेल्या होत्या, पण दिसत होते. त्याच रात्री सगळ्या याद्या दोन पेनड्राइव्हांवर उतरवल्या. एक कचेरीत, एक घरी. दुरुस्तीला हात त्यानंतर घातला. ज्यांचे यंत्र असे अडेल त्यांनी हाच क्रम ठेवावा. पुष्कळ माणसे आधी दुरुस्ती करू जातात आणि आतला माल घालवून बसतात.

आता, पडदा काळा पडला कशाने? गिरणीत पाळी बदलते ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर पडद्यावर जे दिसते ते यंत्राच्या बोर्डावरच कोरलेल्या एका लहानशा कार्यक्रमाचे काम असते. त्याला थोडेच येते, पण जेवढे येते ते बिनबोभाट. थोड्या क्षणांत लिनक्सचा गाभा जागा होतो आणि म्हणतो, आता पडदा माझ्याकडे दे. पहिल्या पाळीचा माणूस साच्यावरून उठतो, दुसऱ्या पाळीचा बसतो. या दुसऱ्याला तो साचा चालवता येत नसेल तर साचा थांबतो. साचा धड असतो आणि माणूसही धड असतो. त्या साच्याची माहिती त्याला कोणी दिलेली नसते, एवढेच.

ही माहिती म्हणजे ड्रायव्हर. नावावरून गैरसमज होतो. ड्रायव्हर हा लोखंडाचा भाग नसून लिहिलेल्या सूचनांचा संच असतो. यंत्राच्या अमुक भागाला अमुक आकडा पाठव म्हणजे तो अमुक करील, अशा सूचनांचा. चित्र काढणारा भाग कधी वेगळ्या कार्डावर असतो. तो नाठाळ निघाला तर कार्ड काढून दुसरे लावता येते. स्वस्त यंत्रांत मात्र तो मुख्य चिपांतच बसवलेला असतो. स्वतंत्र बिऱ्हाड न करता त्याच घरात, त्याच शिध्यावर राहणारा हा पाहुणा. मुख्य स्मृतीतलाच वाटा तो घेतो. यामुळे यंत्र स्वस्त पडते, वीज कमी खाते. पण पाहुण्याशी पटले नाही तर त्याला घालवता येत नाही.

या पाहुण्याचे काम किती, याचा हिशेब विटा मोजणाऱ्या माणसाच्या पद्धतीने करून पाहू. आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असलेला लहान पडदा घेतला तरी एकूण ७,८६,४३२ ठिपके होतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, म्हणजे सेकंदाला ४ कोटी ७१ लाखांहून अधिक ठिपके. नुसते पाठवायचे एवढेच नव्हे, खिडकीची सावली, एकावर एक सरकणारी पाने, हलते चित्र, हे सगळे गणित करून काढायचे. म्हणून ड्रायव्हरची कामे दोन: एक, तयार चित्र पडद्यापर्यंत पोचवणे, दुसरे, ते चित्र काढण्याचे गणित चित्राच्या चिपेकडून करून घेणे. ही दोन कामे वेगळी आहेत हे लक्षात ठेवावे. पुढची सगळी गुंतागुंत येथेच आहे.

आमच्या पेटीच्या कर्त्याचे नाव आम्ही घेत नाही. आमचे भांडण एका पेटीशी नाही. त्याऐवजी सर्व जगात गाजलेले उदाहरण घेऊ. इंटेल ही चिपा करणारी मोठी कंपनी. तिच्या स्वतःच्या घडणीच्या चित्र-चिपांची माहिती तिने लिनक्सवाल्यांना पुष्कळ मोकळेपणाने दिली. २००८ साली तर जाडजूड माहितीपुस्तकेच प्रसिद्ध केली. त्यामुळे लिनक्सच्या लोकांत 'इंटेल घ्या, निर्धास्त राहा' असा लौकिक झाला. त्याच २००८ साली कंपनीने लहान, स्वस्त कॉम्प्युटरांसाठी ऍटम जातीची चिप आणि तिच्या जोडीला पॉल्सबो नावाचा संच आणला. त्यातल्या चित्र-चिपेचे नाव जीएमए ५००. नावावरून घरची वाटावी अशी. पण तिच्या आतली घडण पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३५ ही होती, आणि ती इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीकडून परवान्यावर घेतलेली. डेल, सोनी, एसर, आसूस, नोकिया अशा नामांकित घरांच्या लहान लॅपटॉपांत ती गेली. गिऱ्हाइकाने पेटीवरचे इंटेलचे नाव पाहिले, लिनक्स घातले आणि काळा पडदा पाहिला.

आमच्या लोकांना हे समजावून सांगायला फार शब्द लागले नाहीत. ही ठेकेदारी आहे. गणवेशावर बिल्ला मोठ्या कंपनीचा, माणूस ठेकेदाराचा. अपघात झाला की कंपनी म्हणते, तो आमचा नव्हे. ठेकेदार म्हणतो, करार गुप्त आहे. मजुरांच्या बाबतीत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने निदान एवढे केले होते, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी. चिपांच्या बाबतीत असा मूळ मालक कायद्याने कोणी ठरवलेला नाही. इंटेलने या चिपेसाठी लिनक्सचा एक बंदिस्त ड्रायव्हर दिला होता, पण तो ठरावीक जुन्या गाभ्यापुरता. लिनक्सचा गाभा तर दोन-अडीच महिन्यांनी नवा निघतो. कुलूप बदलत राहिले आणि किल्ली जुनीच राहिली.

पुढे २०११ च्या सुमारास ऍटमची नवी पिढी आली, डी २५००, डी २७०० वगैरे नावांची. हिच्यातली जीएमए ३६०० ही चित्र-चिपही पॉवरव्हीआरच्याच घराण्यातली. हिची गोष्ट तर विंडोजवाल्यांनीही ऐकावी. मुख्य चिप ६४ बिटांची, पण चित्र-चिपेचा विंडोज ड्रायव्हर निघाला तो ३२ बिटांच्या विंडोज सातपुरता. आणि याच घराण्याची चित्र-चिप असलेल्या क्लोव्हर ट्रेल जातीच्या यंत्रांना २०१७ साली विंडोज दहाच्या नव्या आवृत्त्या मिळणे बंद झाले. म्हणजे हा शाप एकट्या लिनक्सला नाही. ज्याच्या आतली माहिती कुलपात आहे ते यंत्र धन्याच्या मर्जीवर जगते, मग त्यावर काहीही घाला.

लिनक्सच्या बाजूने काय झाले? ऍलन कॉक्स हा वेल्समध्ये राहणारा नाणावलेला कार्यकर्ता; आम्ही कार्यकर्ता हाच शब्द वापरणार. त्या काळी तो इंटेलमध्येच नोकरीला होता. त्याने या चिपेचा खुला ड्रायव्हर उभा केला. २०११ साली तो गाभ्याच्या उमेदवारांच्या खोलीत आला आणि २०१२ च्या मार्चमध्ये ३.३ या आवृत्तीत मुख्य घरात घेतला गेला. त्याचे नाव जीएमए५००. पण तो वर सांगितलेल्या दोन कामांपैकी पहिलेच करतो: चित्र पडद्यापर्यंत पोचवतो. गणित करून घेणे त्याला येत नाही, कारण ती माहिती ब्रिटिश कंपनीच्या कुलपात होती. इमॅजिनेशनने खुल्या ड्रायव्हरला हात घातला तो २०२२ साली, आणि २०२४ च्या ६.८ या गाभ्यात त्याचा भाग आलाही. पण तो पुढच्या पिढीच्या चिपांसाठी. जुन्या एसजीएक्सवाल्यांच्या वाट्याला त्यातून काही आले नाही.

दारात अडकलेल्या ड्रायव्हरवरून मोठ्या चळवळी उभ्या राहतात हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा प्रिंटर आला. तो मध्येच अडे. रिचर्ड स्टॉलमन तेथे काम करीत असे. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये त्याने अशी सुधारणा केली होती, की कागद अडला की कळावे. नव्यात तीच करू म्हणून त्याने मूळ लिखाण मागितले. ज्याच्याजवळ ते होते त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने सांगितले, देता येत नाही, मी गुप्ततेच्या करारावर सही केली आहे. स्टॉलमनचा राग त्या एका नकारापुरता नव्हता. एकाने सही केली आणि सगळ्या सोबत्यांना मदत न करण्याचे वचन देऊन टाकले, हे त्याला डाचले. १९८३ साली त्याने खुल्या सॉफ्टवेअरची जी मोहीम जाहीर केली तिच्यामागे हा अडलेला कागद होता असे तोच सांगत आला आहे. संपात एकाने गुपचूप वेगळा करार केला की बाकीच्यांचे काय होते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

असो. आता प्रत्यक्ष कामाचे बोलू.

आपल्या पेटीत कोण बसला आहे हे आधी शोधावे. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा, तिच्यापुढे एक रेघ आणि दोन वेळा एन, असे लिहिले की यंत्रातल्या भागांची हजेरी येते. त्यात 'व्हीजीए' लिहिलेली ओळ आपली. शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा चिपेचा. कंपनीचा आकडा ८०८६ असला तर ती इंटेल. १९७८ साली तिने काढलेल्या ८०८६ या प्रसिद्ध चिपेची ती आठवण. पुढे ८१०८ असेल तर ती जीएमए ५००. त्याच आज्ञेला दोन एनच्या जागी के लावला तर त्या भागाला कोणता ड्रायव्हर मिळाला तेही दिसते. ओळीखाली ड्रायव्हरचे नावच नसेल तर समजावे की पाहुण्याला विचारणारा कोणी नाही.

जीएमए ३६०० वाल्या टेबलावरच्या पेट्यांत एक गमतीचा दोष आढळतो. ड्रायव्हर असतो, चालतोही, तरी पडदा काळा. कारण त्या चिपेला लॅपटॉपच्या आतल्या पडद्यासाठी एक वाट ठेवलेली आहे. टेबलावरच्या पेटीला आतला पडदा नसतोच. पण ड्रायव्हरला वाटते तो आहे, आणि सारे चित्र तो त्या नसलेल्या पडद्याकडे पाठवतो. हजेरीपटावर न जन्मलेल्या माणसाचे नाव आणि मजुरी त्याच्या नावे, हा प्रकार आम्ही कामांवर पुष्कळ पाहिला आहे. उपाय असा, की आरंभीच्या त्या ओळीत 'व्हिडिओ' हा शब्द, बरोबरचे चिन्ह, एलव्हीडीएस, मग रेघ, एक, विसर्गासारखे दोन ठिपके आणि शेवटी डी, असे लिहावे. डी म्हणजे ते नाव हजेरीवरून काढ. चित्र खऱ्या मॉनिटरवर येते. आले, की ईटीसी या फोल्डरातल्या डीफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे तिच्यात तो मजकूर कायमचा लिहावा आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी. नाही तर दर सकाळी हाच खेळ.

आमच्या पेटीतली चिप वेगळ्या घराण्याची होती, पण चाल तीच. आणि येथे आमची दुसरी चूक सांगितली पाहिजे. घाईत आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वीचा सल्ला कोठून तरी मिळवला आणि त्याप्रमाणे एक्सऑर्ग या नावाची मांडणीची फाइल स्वतः लिहिली. तिच्यात ज्या ड्रायव्हरचे नाव होते तो नव्या लिनक्समध्ये उरलेलाच नव्हता. परिणामी नोमोडसेट घालूनही चित्र येईना. दोन दिवस गेले. शेवटी मुलगा म्हणाला, "भाऊ, आपणच लिहिलेलं काढून बघू का?" फाइल काढली आणि पडदा आला. या दुखण्यावर जुने सल्ले ढिगाने सापडतात. उदाहरणार्थ, उबुंटू १२.०४ साठी जीएमए ३६०० चा बंदिस्त ड्रायव्हर निघाला होता. ती आवृत्ती २०१२ ची, तो ड्रायव्हर तिच्याच गाभ्याला जोडलेला, आणि आजच्या लिनक्सवर तो चढवू गेलात तर आहे तेही जाईल. सल्ला वाचण्याआधी त्याची तारीख वाचावी.

पडदा आला तरी अर्धेच काम झाले. चित्र-चिपेकडून गणित करून घेता येत नाही, तेव्हा ते मुख्य चिपेने करायचे. लिनक्समध्ये एलएलव्हीएम-पाइप नावाची व्यवस्था हे करते. चांगल्या यंत्रावर ती खपून जाते. ऍटमसारख्या कृश यंत्रावर मात्र माउस हलवला की बाण मागून येतो. म्हणून सावल्या, पारदर्शक खिडक्या, सरकती दृश्ये अशी नटवी मांडणी घेऊ नये. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई यांसारखी साधी मांडणी घ्यावी, आणि एक्सएफसीईत कंपोझिटिंग नावाची खूण काढून टाकावी. व्हिडिओची आशा धरू नये. बोर्डावर कार्डाची मोकळी खाच असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने चित्र-कार्ड शोधावे. खाच आणि कार्ड एका जातीचे आहेत ना, हे बोर्ड बरोबर नेऊन पाहावे. ज्यांना यंत्र अजून घ्यायचेच आहे त्यांनी दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दाखवायला सांगावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

आमच्या पेटीला खाच नव्हती. ती नोमोडसेटवरच चालते, १०२४ बाय ७६८ मध्ये, ताणलेल्या अक्षरांत. झोपवली तर उठत नाही, म्हणून झोपवत नाही. पण यादी उघडते, बेरीज होते, छापील कागद निघतो. त्या हंगामात याद्यांचे कागद घेऊन आमची माणसे भट्टीभट्टीवर गेली. एका ठिकाणी मालकाच्या वहीत एका बाईच्या नावावर खर्चीचे तीन आठवडे जास्त धरले होते. आमच्या कागदावर ते आठवडे कोरे होते, आणि का कोरे ते शेजारी लिहिलेले होते: मूल आजारी, भट्टीवर नाही, जव्हारला. मालकाने वही दोनदा उलटली, कागद दोनदा पाहिला आणि मग पेन मागितले.